कॅथॉलिक प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण: शिकवणे कुठे संपते आणि उपासना कुठे सुरू होते

कॅथॉलिक प्राथमिक शाळेत मूल घालणारे पालक धर्मशिक्षणाबद्दल साधारणपणे दोनपैकी एक समजूत मनात धरून येतात. जे स्वतः कॅथॉलिक नाहीत, त्यांना धास्ती असते की या तासाला आपल्या मुलाला हळूहळू ख्रिस्ती केले जाईल. जे कॅथॉलिक आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना वाटते की आता प्रार्थना, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), पहिला कम्युनियन (मिस्सात अर्पण केलेली भाकर प्रथमच ग्रहण करण्याचा विधी) हे सगळे शाळाच पाहील आणि आपण सुटलो. एक धास्ती आहे आणि दुसरी अपेक्षा, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. वेळापत्रकातला ‘धर्मशिक्षण’ हा तास म्हणजे श्रद्धा रुजवण्याचा कार्यक्रम, असे दोघेही धरून चालतात. कॅथॉलिक चर्चचे स्वतःचे म्हणणे याहून वेगळे आहे, आणि ते बऱ्यापैकी नेमक्या शब्दांत लिहून ठेवलेले आहे.

व्हॅटिकनच्या कॅथॉलिक शिक्षण विभागाने १९८८ साली कॅथॉलिक शाळेतील शिक्षणाच्या धार्मिक अंगाविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात शाळेतील धर्मशिक्षण आणि श्रद्धाशिक्षण (ज्याला चर्चच्या भाषेत कॅटेकेसिस म्हणतात) यांच्यात स्पष्ट रेघ ओढली आहे. श्रद्धाशिक्षण हे ज्याने विश्वास स्वीकारला आहे त्याच्यासाठी असते. तो विश्वास परिपक्व व्हावा हा त्याचा हेतू असून त्याची खरी जागा म्हणजे धर्मग्राम, म्हणजेच स्थानिक चर्चचा समुदाय. शाळेचा हेतू मात्र ज्ञान हा आहे. ख्रिस्ती धर्म काय सांगतो, तो तसे का सांगतो, आणि कॅथॉलिक माणसे ते कसे जगू पाहतात, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत आणि श्रद्धावान मुलाच्या बाबतीत त्या एकमेकींत मिसळतातही, परंतु एकीचे काम दुसरीवर ढकलता येत नाही.

प्रत्यक्ष शाळेत ही रेघ पुसट होते, याचे कारण उघड आहे. त्याच वर्गात, त्याच बाईंबरोबर सकाळी प्रार्थना होते, साडेदहाला धर्मशिक्षणाचा तास होतो आणि सणाच्या दिवशी सगळी शाळा मिस्साला जाते. वर्गाच्या कोपऱ्यात एका छोट्या मेजावर कापड अंथरलेले असते. त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि उघडे बायबल असते. आगमनकाळात (नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांत) आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ते कापड जांभळे असते, नाताळ आणि ईस्टरला पांढरे, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या सणाला) लाल, आणि वर्षाचा उरलेला मोठा भाग हिरवे. आता कापडाचा रंग बदलला की त्याच्यापाशी हात जोडणे ही उपासना झाली. तोच रंग का बदलला, जांभळा पश्चात्तापाशी आणि प्रतीक्षेशी कसा जोडला गेला, हे समजून घेणे हा अभ्यास झाला. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, पण शिकवणाऱ्याला तो क्षणभरही विसरून चालत नाही, कारण पहिल्या गोष्टीत सामील होण्यासाठी मुलाची आणि त्याच्या घरच्यांची तयारी लागते, तर दुसरी गोष्ट कोणत्याही मुलाला शिकवता येते.

हा विषय काय असावा हे ठरवतो कोण, हा पुढचा प्रश्न. गणित किंवा भाषा यांचा अभ्यासक्रम बहुतेक देशांत शासन किंवा शिक्षण मंडळ ठरवते. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या बाबतीत तो अधिकार चर्चकडे राहतो. १९८३ च्या चर्च कायद्यातील ७९३ ते ८०६ ही कलमे शिक्षणासंबंधी आहेत. ८०४ व्या कलमानुसार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेने धर्मशिक्षणाचे सर्वसाधारण नियम करायचे असतात आणि प्रत्येक बिशपाने आपल्या धर्मप्रांतात त्याची व्यवस्था लावून देखरेख ठेवायची असते. धर्म शिकवणाऱ्यांची नेमणूक करण्याचा किंवा त्यांना मान्यता देण्याचा हक्कही स्थानिक धर्माधिकाऱ्याचा आहे. शाळेला ‘कॅथॉलिक’ हे नावसुद्धा चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय लावता येत नाही. आणि ८०६ व्या कलमात एक कमी उद्धृत होणारी, पण मला फार महत्त्वाची वाटणारी अट आहे: कॅथॉलिक शाळेतील शिक्षणाचा दर्जा त्या परिसरातील इतर शाळांच्या निदान बरोबरीचा असलाच पाहिजे. भक्तिभाव भरपूर आहे म्हणून अभ्यास कच्चा राहिला तरी चालेल, ही सवलत चर्चने स्वतःच्या शाळांना दिलेली नाही.

वेळेचे प्रमाण देशागणिक बदलते. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी शाळेच्या अध्यापनाच्या एकूण वेळेपैकी किमान १० टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यावा असे ठरवले आहे. आठवड्याला २५ तास शिकवणे होत असेल, तर अडीच तास. हा वेळ प्रार्थना, मिस्सा किंवा नाताळच्या नाटकाची तालीम यांत गेलेला धरायचा नाही. नाताळ जवळ आला की हा नियम किती शाळांत शाबूत राहतो, ते शिक्षकांनाच ठाऊक.

पूर्वी हा विषय प्रश्नोत्तरांतून शिकवला जाई. १८८५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या बाल्टिमोर कॅटेकिझमची सुरुवातच अशी होती: जग कोणी निर्माण केले? जग देवाने निर्माण केले. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले, आणि मुलाने ते घोकायचे. या पद्धतीची आज थट्टा करणे सोपे आहे, पण ती सर्वस्वी निरुपयोगी नव्हती. पाठ असलेले शब्द पुढे आयुष्यात कधीतरी अर्थासह भेटतात. तिची उणीव अशी, की मुलाने विचारलेल्या प्रश्नाला तिच्यात जागाच नव्हती. विसाव्या शतकात हा सूर बदलला. १९५४ मध्ये रोममध्ये बायबलच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती यांनी माँटेसरी शिक्षिका जियाना गोब्बी यांच्यासह लहान मुलांबरोबर काम सुरू केले. लाकडी मेंढरे, त्यांचा वाडा आणि मेंढपाळाची छोटी मूर्ती मुलांच्या हाती देऊन, उत्तर सांगण्याऐवजी ‘हा मेंढपाळ कोण असेल बरे?’ असे विचारून थांबायचे, ही त्यांची रीत. आज अनेक ठिकाणी पहिली-दुसरीच्या धर्मशिक्षणात दिसणारे हाताळण्याचे साहित्य आणि उघडे प्रश्न याच जातीचे आहेत.

आशयाचा सांगाडा मात्र जुनाच आहे. १९९२ च्या कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भाग आहेत: काय मानतो, संस्कार (बाप्तिस्मा, कम्युनियन यांसारखे विधी) कोणते, कसे जगायचे, आणि प्रार्थना. २८६५ परिच्छेदांचा हा ग्रंथ प्राथमिक शाळेतले मूल वाचत नाही, पण त्याच्या पाठ्यपुस्तकातली जवळपास प्रत्येक गोष्ट या चारांपैकी एका खुंटीला टांगलेली असते. मूल वर्षागणिक पुढचा धडा शिकते असे नसून त्याच गोष्टींकडे दरवेळी थोड्या उंचीवरून पुन्हा येते. हे कसे घडते ते एका दाखल्यावरून, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवरून, नीट दिसते.

लूकच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकातील) पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. सहा वर्षांच्या मुलांना तो सांगताना घटना पुरेशा असतात: धाकटा मुलगा पैसे घेऊन गेला, उधळून बसला, उपाशी राहिला, परत आला, आणि बाबांनी त्याला दुरून पाहून धावत जाऊन मिठी मारली. मुले चित्र काढतात, आणि त्या चित्रात बहुधा बाबांचे हात फार लांब असतात. आठ-नऊ वर्षांच्या वर्गात तोच दाखला परत येतो, तेव्हा प्रश्न बदललेले असतात. वडील जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे त्यांना काय ऐकवणे झाले? यहुदी लोक डुकराला अशुद्ध मानत. मग डुकरे राखण्याची वेळ आली याचा अर्थ तो किती खाली घसरला होता? इथे मुलाला प्रथमच कळते की गोष्ट समजण्यासाठी ती ज्या समाजात सांगितली गेली त्याची माहिती लागते. आणि दहा-अकरा वर्षांच्या वर्गात शिक्षक अध्यायाच्या अगदी सुरुवातीकडे नेतात: येशू हे सांगतोय कोणाला? पापी समजले जाणारे लोक त्याच्याजवळ येत होते आणि परुशी व शास्त्री (यहुदी धर्मनियम कसोशीने पाळणारे आणि त्यांचे जाणकार) त्याबद्दल कुरकुरत होते. मग थोरला भाऊ कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. तो दाराबाहेर रुसून उभा आहे, वडील त्याचीही मनधरणी करायला बाहेर आले आहेत, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगतच नाही. गोष्ट तिथेच का तोडली असेल, या प्रश्नावर पाचवीतली मुले अर्धा तास वाद घालू शकतात, आणि त्या वादात बाप्तिस्मा झालेले मूल आणि न झालेले मूल यांत काही डावे-उजवे राहत नाही.

हाच दाखला ‘आईवडिलांचे ऐकावे’ असे तात्पर्य काढून दहा मिनिटांत उरकणारा तासही असतो. माझ्या मते प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षणाचा खरा शत्रू नास्तिकता नसून ही तात्पर्यबाजी आहे. शुभवर्तमानातील निम्म्याहून अधिक दाखले शहाण्यासुरत्या वागणुकीला धक्का देणारे आहेत. तासभर राबलेल्या मजुराला दिवसभर राबलेल्याएवढीच मजुरी देणारा मळेवाला कोणत्याही शिस्तीच्या पाठात बसत नाही. त्याला बसवायला गेले की धर्मही जातो आणि गोष्टही जाते.

दोन ठिकाणी शिक्षकाची विशेष कसोटी लागते. पहिले ठिकाण म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा. नऊ वर्षांचे हुशार मूल विचारतेच की प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे कसे? पहिल्या अध्यायात माणूस प्राण्यांनंतर येतो, दुसऱ्या अध्यायात प्राण्यांच्या आधी. मग खरे कोणते? कॅथॉलिक शिकवणीत याचे उत्तर देताना घाबरण्याचे कारण नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्येच बायबलमधील लेखनप्रकार ओळखून अर्थ लावावा असे सांगितले होते, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये तेच तत्त्व पक्के केले. आई मुलाला ‘तू माझा चंद्र आहेस’ म्हणाली तर कोणी दुर्बीण काढून बसत नाही. वाक्य खोटे नसते, पण ते खगोलशास्त्राचेही नसते. सृष्टिकथा हे जग कसे घडले याची नोंदवही नसून ते कोणामुळे आहे आणि चांगले आहे असे म्हणणारे काव्य आहे, इतके मुलाला पेलते. विश्व एका आदिम अणूपासून विस्तारत गेले ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते, ही माहिती विज्ञान आणि धर्म एकाच बाई शिकवत असलेल्या वर्गात फार उपयोगी पडते.

दुसरे ठिकाण म्हणजे येशूच्या मरणाचा धडा. ‘येशूला कोणी मारले?’ या प्रश्नाला ‘यहुद्यांनी’ असे बेसावध उत्तर शतकानुशतके दिले गेले आणि त्याचे परिणाम युरोपातील यहुदी समाजाने भोगले. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयीचा आणि ख्रिस्तेतर धर्मांविषयीचा असे दोन्ही जाहीरनामे प्रसिद्ध केले. दुसऱ्यात स्पष्ट म्हटले आहे की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही, आणि श्रद्धाशिक्षणात याच्या विरुद्ध काही शिकवले जाऊ नये. म्हणून आज शिक्षक नावानिशी बोलतात: पिलात हा रोमन सुभेदार होता, क्रूसावरची शिक्षा रोमन होती, येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य स्वतः यहुदी होते. सात वर्षांच्या मुलासमोर वापरलेले एक सरसकट नाम किती लांब जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला सुचत नाही.

आता पहिल्या कम्युनियनविषयी, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवले होते की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन (धर्मगुरूपाशी पापांची कबुली) करावे आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन, घ्यावा. पण ‘समज’ कधी येते यावर पुढे इतका घोळ झाला की काही प्रदेशांत मुलांना दहा-बारा, तर काही ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. पोप दहावे पायस यांच्या काळात ८ ऑगस्ट १९१० च्या हुकुमाने ही वयोमर्यादा सुमारे सात वर्षांवर आणली गेली. अट एवढीच, की मुलाला श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्याच्या कुवतीप्रमाणे माहीत असावीत आणि हा प्रसाद म्हणजे नेहमीची भाकर नव्हे हे त्याला ओळखता यावे. एका दृष्टीने त्या हुकुमानेच प्राथमिक शाळेला या संस्काराच्या अंगणात आणून बसवले. सात-आठ वर्षांचे मूल असते ते याच शाळेत.

त्यामुळे अनेक ठिकाणी अख्खा वर्ग एकदम तयारीला बसतो. वर्गात शिक्षक अजून अर्पण न केलेली होस्ती, म्हणजे प्रसादाची भाकर, दाखवतात: गव्हाचे पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, पातळ, गोल, जवळजवळ बेचव. शेवटच्या भोजनाची गोष्ट, मिस्साचे भाग, वेदीवरच्या वस्तूंची नावे, हे सगळे अभ्यासाच्या कक्षेत येते आणि ते प्रत्येक मुलाला शिकवायला हरकत नाही. परंतु ‘तू हा प्रसाद घ्यायला तयार आहेस का’ हा प्रश्न वर्गाचा नाही. चर्च कायद्याचे ९१४ वे कलम मुलांच्या तयारीची जबाबदारी प्रथम पालकांवर, त्यांची जागा घेणाऱ्यांवर आणि धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर टाकते. त्यात शिक्षकाचे नाव नाही. शाळेने ही तयारी पूर्णपणे धर्मग्रामाकडे सोपवावी आणि स्वतः फक्त समजावून देण्याचे काम करावे, असे माझे मत आहे. वर्गातल्या तिसांपैकी सहा मुले पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या पोशाखाच्या गप्पांतून वगळली जातात तेव्हा त्या सहांना जे शिकायला मिळते, ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

जी मुले कॅथॉलिक नाहीत त्यांच्या बाबतीत चर्चची भूमिका दुहेरी आहे. १९८८ चाच दस्तऐवज म्हणतो की विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे धार्मिक स्वातंत्र्य आणि सदसद्विवेक जपलाच पाहिजे, आणि त्याच वेळी शुभवर्तमान सांगण्याचे आपले स्वातंत्र्य शाळा सोडू शकत नाही. सांगणे वेगळे आणि लादणे वेगळे. अनेक देशांत याला कायद्याचीही जोड आहे. भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आयर्लंडच्या घटनेतील ४४ वा अनुच्छेद सार्वजनिक पैसा घेणाऱ्या शाळेतील मुलाला धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क देतो. इंग्लंडमध्येही पालकांना मुलाला या तासातून काढून घेता येते. हक्क वापरला की प्रश्न उरतो तो असा, की ते मूल तेवढा वेळ कुठे बसणार. वर्गाच्या मागच्या बाकावर चित्र रंगवत बसलेले मूल सगळे ऐकतच असते.

इथे भाषेचा एक बारकावा मदतीला येतो, आणि तो मराठीत शिकवणाऱ्याला आयता मिळालेला आहे. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आपण मिस्सामध्ये ख्रिस्ताला भेटतो’ असे बाई म्हणाल्या की समोरच्या प्रत्येक मुलाला त्यांनी न विचारता त्या विश्वासात ओढले. ‘आम्ही कॅथॉलिक असे मानतो’ म्हटले की बाई स्वतः कुठे उभ्या आहेत हे लपत नाही आणि मुलाला त्याची जागा मोकळी राहते. ‘कॅथॉलिक लोक असे मानतात’ हे तिसरे रूप सर्वांत सुरक्षित आहे, पण ते सतत वापरले तर वर्गातल्या कॅथॉलिक मुलाला आपल्याच घराबद्दल परक्यासारखे बोलले जात असल्याचे वाटते. चांगला शिक्षक प्रार्थनेच्या कोपऱ्यापाशी एक सर्वनाम वापरतो आणि फळ्यापाशी दुसरे.

मूल्यमापनातही हीच शिस्त लागते. मुलाला विचारायचे ते असे: राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळावर राख का लावतात? ती राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वाद दिलेल्या झावळ्यांची असते, यात काय सुचवले आहे? याचे पूर्ण, नेमके उत्तर मुस्लिम मुलगी देऊ शकते आणि दर रविवारी मिस्साला जाणारा मुलगा चुकू शकतो. गुण त्याप्रमाणेच पडले पाहिजेत. प्रगतिपुस्तकात ‘दाखल्याचा अर्थ संदर्भासह सांगते’ असे लिहिता येते, ‘संस्कार आणि त्यांची चिन्हे यांचा संबंध स्पष्ट करतो’ असेही लिहिता येते. ‘भक्तिभावाने प्रार्थना करते’ हा शेरा मात्र त्या रकान्यात बसत नाही. डोळे मिटून, हात जोडून उभे राहिलेले मूल त्या क्षणी डब्याचा विचार करत होते की देवाचा, हे तपासण्याची सोय कोणत्याही शाळेकडे नाही.